लाळग्रंथींच्या गाठी : भय आणि विवेक

(व्याख्यानाचा मजकूर)



मराठी भाषेत 'गाठ' हा शब्द अनेक अर्थांनी नांदतो. कापसाची गाठ असते, लग्नाची गाठ असते, मनाशी बांधलेली खूणगाठ असते. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या पेठेत गाठी उतरल्या म्हटले की माल आला, हंगाम सुरू झाला असा त्याचा आनंददायी अर्थ होतो. परंतु हाच शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाला की क्षणात सारे चित्र पालटते. "जबड्याखाली गाठ लागते आहे" एवढे वाक्य कानी पडले की पुढे डॉक्टर काय सांगतात ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. घरातील चूल थंड पडते. कोणी मृत्युपत्राचा विचार करू लागतो, तर कोणी ही गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून दवाखान्याचीच वाट सोडतो. या दोन्ही टोकांच्या मधली विवेकाची वाट दाखवणे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

हे भय निराधार आहे असे म्हणता येणार नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभारणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखूने या प्रांतातील किती मुखे पोखरली, हे तेव्हापासून वैद्यकाला ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तीही याच अनुभवातून. कृष्णाकाठच्या गावागावांत तोंडाच्या कर्करोगाने गेलेला एखादा तरी माणूस लोकांना आठवतो. त्यामुळे गाल, जबडा किंवा गळा यांपैकी कोठेही सूज दिसली की मन एकदम त्याच दिशेला धावते. तथापि, गालफडाच्या आतील आवरणाचा कर्करोग आणि लाळग्रंथींची सूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाळग्रंथींचा कर्करोग हा तुलनेने विरळ आजार आहे. कर्करोगासारखे भासणारे, परंतु कर्करोग नसलेले लाळग्रंथींचे विकार मात्र अनेक आहेत.

प्रथम या ग्रंथींची ओळख करून घेणे उचित ठरेल. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. पहिली कानाच्या पुढे व खाली, दुसरी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली. याखेरीज ओठ, गाल, टाळू यांच्या आवरणात ६०० ते १,००० सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. या सर्व मिळून दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ निर्माण करतात. घास ओला करणे, पिष्टमय अन्नाचे पचन सुरू करणे, दातांना कीड लागू न देणे आणि जंतूंना आवर घालणे, ही त्यांची कामे. कानाजवळच्या ग्रंथीतून चेहऱ्याची मज्जातंतू जाते. डोळा मिटणे, हसणे, ओठ हलवणे हे सारे तिच्या आधीन असते. या ग्रंथीवरील शस्त्रक्रिया नाजूक मानली जाते ती याच कारणाने, आणि अनावश्यक शस्त्रक्रिया टाळणे येथे अधिकच महत्त्वाचे ठरते.

गाठीचा भास निर्माण करणारे सर्वांत परिचित कारण म्हणजे लाळेतील खडा. मूत्रमार्गात जसा मुतखडा होतो, तसाच क्षार साचून लाळेच्या नलिकेत खडा तयार होतो. असे बहुसंख्य खडे जबड्याखालच्या ग्रंथीत आढळतात. कारण तिची लाळ अधिक घट्ट असते, नलिका लांब असते आणि लाळेला खालून वर चढावे लागते. या विकाराची खूण मोठी बोलकी आहे. मनुष्य पानावर बसतो, लिंबाची फोड किंवा कैरीचे लोणचे जिभेला लागते आणि जबड्याखाली लिंबाएवढी सूज येते. ती ठणकते, आणि जेवण झाल्यावर तास-दोन तासांत ओसरते. पुढच्या जेवणाला पुन्हा तोच प्रकार. घातक गाठ जेवणाच्या वेळा पाळत नाही. खडा लहान असेल तर भरपूर पाणी, शेक, हलके मर्दन आणि लाळ सुटावी म्हणून आंबट पदार्थ चघळणे, एवढ्यानेही तो निघून जातो. मोठा असेल तर तोंडाच्या आतून लहानशा शस्त्रक्रियेने काढता येतो. नलिकेत बारीक दुर्बीण घालून खडा काढण्याचे तंत्रही १९९० च्या दशकापासून विकसित झाले आहे.

दुसरे कारण जंतुसंसर्गाचे. गालगुंड सर्वांना ठाऊक आहे. विषाणूमुळे येणारी ही सूज बहुधा मुलांत दिसते, अनेकदा दोन्ही गालांवर येते आणि आठ-दहा दिवसांत उतरते. मोठ्या वयात आलेले गालगुंड मात्र ओळखू येत नाही आणि भीती घालते. याहून वेगळा प्रकार म्हणजे शरीरातील पाणी कमी झाल्याने होणारा संसर्ग. लाळेचा प्रवाह मंदावला की तोंडातील जंतू नलिकेतून उलटे वर चढतात, कानापुढचा भाग लाल होतो, सुजतो व पू धरतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर जुलै १८८१ मध्ये गोळीबार झाला. अंथरुणाला खिळलेल्या त्या अवस्थेत त्यांच्या कानाजवळची लाळग्रंथी अशीच पिकली होती. आज प्रतिजैविके उपलब्ध असल्याने हा आजार आटोक्यात येतो. तरीही वृद्ध, अशक्त आणि शस्त्रक्रियेनंतर तोंडाने पाणी न घेऊ शकणाऱ्या रुग्णांत तो अजूनही दिसतो.

या ठिकाणी तपश्चर्येचा उल्लेख करणे अप्रस्तुत ठरणार नाही. पर्युषणातील अठ्ठाई, वर्षीतप, चौविहार यांची परंपरा समाजाला भूषणावह आहे. परंतु ज्यांना पूर्वी लाळेचा खडा झाला आहे, ज्यांना मधुमेह आहे, किंवा जे मूत्रल व ॲलर्जीवरील औषधे घेतात, त्यांचे तोंड मुळातच कोरडे पडण्याचा संभव असतो. अशा व्यक्तींनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्या उपवासात उकळलेले पाणी घेण्याची मुभा आहे, तेथे ते दिवसा पुरेसे घ्यावे. पारण्याच्या दिवशी पहिल्या घासाबरोबर जबड्याखाली सूज आली, तर ती तपाची बाधा समजून अंगावर काढू नये. घाबरण्याचेही कारण नाही. बहुतेक वेळा तो खडाच असतो. दाखवावे मात्र अवश्य.

क्षयरोग हेही एक मोठे सोंग घेणारे दुखणे आहे. कानाजवळच्या लाळग्रंथीच्या पोटात लसिकाग्रंथी असतात. क्षयाचे जंतू तेथे ठाण मांडून बसले की बाहेरून हुबेहूब लाळग्रंथीची गाठ वाटते. रुग्णाला खोकला असेलच असे नाही. सांगली-मिरज परिसराला क्षयरोगाचा आणि त्याच्या उपचारांचाही जुना परिचय आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, आणि पुढे क्षयरुग्णांसाठी जे आरोग्यधाम उभे राहिले त्यावरून वानलेसवाडी हे नाव आजही नकाशावर आहे. त्या काळी क्षय म्हणजे स्वच्छ हवा आणि दीर्घ प्रतीक्षा असे समीकरण होते. आज असा निष्कर्ष निघाला, तर साधारणतः सहा महिन्यांच्या औषधांनी ती 'गाठ' विरघळते. शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते.

मधुमेह हे व्यापारी समाजाचे दुखणे म्हणून ओळखले जाते. त्याच्याशी निगडित असा लाळग्रंथींचा एक विकार आहे. दोन्ही कानांपुढील ग्रंथी हळूहळू, अजिबात न दुखता फुगतात. तेथे जंतू नसतात की अर्बुद नसते; ग्रंथीतील पेशीच आकाराने वाढलेल्या असतात. मद्यपान आणि कुपोषण यांमुळेही असे होते. येथे उपचार गालावर करायचा नसून मूळ आजारावर करायचा असतो. सतत सुपारी चघळल्याने किंवा झोपेत दात आवळण्याच्या सवयीने चावण्याचा स्नायू वाढतो, तोही गाल फुगवतो आणि लाळग्रंथीची गाठ असल्याचा भास घडवतो. दात आवळल्यावर तो टणक होतो आणि सैल सोडल्यावर मऊ पडतो, यावरून अनुभवी बोटांना तो ओळखता येतो.

आता वैद्यकाच्या इतिहासातील एका बोधप्रद प्रकरणाकडे वळू या. १८८८ मध्ये कोनिग्सबर्ग येथे योहान मिकुलिच या शल्यविशारदाने एका शेतकऱ्याची हकीकत मांडली. त्याच्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी दोन्ही बाजूंना सारख्याच सुजल्या होत्या. पुढे १८९६ मध्ये हर्मान क्युटनर या जर्मन शल्यविशारदाने जबड्याखालच्या ग्रंथीचा एक आजार वर्णिला. ती ग्रंथी दगडासारखी कठीण झालेली असे, हाताला पक्के अर्बुद लागे. पण कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता केवळ जुनाट दाह आढळे. अर्बुद नसतानाही 'क्युटनरचे अर्बुद' हे नाव त्यास कायमचे चिकटले. त्यानंतर शंभर वर्षे अशा ग्रंथी कर्करोगाच्या संशयाने काढल्या जात राहिल्या. २००१ मध्ये जपानी संशोधकांना स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट दाहाच्या रुग्णांत रक्तातील 'आयजीजी-४' हे प्रतिद्रव्य वाढलेले आढळले. पुढील काही वर्षांत लक्षात आले की मिकुलिचची आणि क्युटनरची अनेक प्रकरणे त्याच व्याधीची रूपे आहेत. शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वतःच्या ग्रंथींत दाह निर्माण करते आणि तो स्टिरॉइड औषधांनी बहुधा झपाट्याने ओसरतो. ज्या सुजेसाठी पूर्वी चाकू लागे, तिला आता अनेकदा गोळी पुरते. अट एकच, तिचे खरे नाव आधी कळले पाहिजे.

याच जातीचा, पण स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळणारा विकार स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये १९ स्त्रियांच्या अभ्यासातून जगापुढे आणला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, तोंड इतके कोरडे पडते की भाकरीचा किंवा पेढ्याचा घास पाण्यावाचून उतरत नाही, दात भराभर किडतात, सांधे दुखतात आणि कानाजवळच्या ग्रंथी सुजतात. पन्नाशीच्या गृहिणीची ही तक्रार घरात सहसा कोणी मनावर घेत नाही. वय झाले, उष्णता वाढली, असे म्हणून ती टाळली जाते. हा विकार कर्करोग नाही. परंतु यातील काही रुग्णांत दीर्घ काळानंतर लसिकापेशींचा कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून नियमित तपासणी आवश्यक असते. ग्रंथीची सूज कायम राहू लागली किंवा एकाच बाजूला वाढू लागली, तर विलंब करू नये.

भ्रम केवळ बोटांचाच होतो असे नाही. टाळूवरील सूक्ष्म लाळग्रंथींचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास तेथे खोल व्रण पडतो. १९७३ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. तो डोळ्यांना कर्करोगासारखा दिसतो, आणि विशेष म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीही नवख्याला कर्करोगच वाटतो. या भ्रमातून टाळूचे मोठे भाग विनाकारण काढले गेल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. वस्तुतः हा व्रण साधारणतः सहा ते दहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. म्हणूनच मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तपासणीच्या काचा दुसऱ्या अनुभवी विकृतितज्ज्ञास दाखवून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान होत नाही.

याचा अर्थ लाळग्रंथीत खरे अर्बुद होतच नाही, असा नाही. परंतु कानाजवळच्या ग्रंथीतील अर्बुदांपैकी सुमारे ८० टक्के सौम्य असतात. त्यांत सर्वाधिक आढळणारे मिश्र पेशींचे अर्बुद वर्षानुवर्षे न दुखता सावकाश वाढते. ते सौम्य असले तरी तसेच ठेवणे शहाणपणाचे नाही. कारण दीर्घकाळ राहिल्यास काहींत घातक बदल होऊ शकतो. शिवाय त्याचे आवरण नाजूक असते. ते नुसते खरवडून काढले तर उरलेल्या कणांतून अनेक वर्षांनी पुन्हा गाठी उद्भवतात. म्हणून ते भोवतालच्या निरोगी भागासह, प्रशिक्षित हातांनीच काढले पाहिजे. धूम्रपान करणाऱ्यांत आढळणारे 'वॉर्थिन' अर्बुद कधीकधी दोन्ही बाजूंना होते आणि त्यात घातक बदल फारच क्वचित होतो. ग्रंथी जितकी लहान तितकी घातकतेची शक्यता अधिक, हेही ध्यानात ठेवावे. जबड्याखालील अर्बुदांत ती जवळपास निम्मी, तर टाळू व जिभेखालील ग्रंथींच्या अर्बुदांत त्याहूनही अधिक असते. त्यामुळे टाळूवरची लहानशी, न दुखणारी गाठ दुर्लक्षिण्याजोगी नसते.

म्हणून धोक्याच्या खुणा प्रत्येक घरात माहीत असाव्यात. गाठ भराभर वाढणे. ती कठीण व एका जागी रुतलेली असणे. त्या बाजूचा डोळा नीट न मिटणे किंवा ओठ वाकडा होणे. गालाला वा जिभेला बधिरपणा येणे. वरची त्वचा फुटणे. मानेत इतर गाठी लागणे. यांपैकी एकही खूण दिसल्यास त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे जावे. यांपैकी काहीच नसले, तरी तीन आठवड्यांहून अधिक टिकलेली सूज किंवा तोंडातील व्रण तपासून घ्यावा. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते ही समजूत चुकीची आहे. उलट खडा आणि संसर्ग दुखतात, तर अर्बुद बहुधा आरंभी दुखत नाही.

तपासणीचा क्रम सरळ आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा शल्यविशारद प्रथम हाताने तपासतात, एक बोट तोंडात आणि एक हात जबड्याखाली ठेवून. त्यानंतर सोनोग्राफी, गरजेनुसार एमआरआय व रक्तचाचण्या, आणि मग सुईने पेशी काढून केलेली तपासणी, म्हणजे एफएनएसी. या सुईविषयी समाजात एक घातक समज रूढ आहे : 'सुई टोचली की कर्करोग पसरतो.' ही सुई रक्त काढण्याच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते आणि तिच्यामुळे रोग पसरण्याचा संभव अत्यंत नगण्य असतो. या समजापायी तपासणी टाळल्याने वाया गेलेले महिने मात्र भरून येत नाहीत. याउलट, पूर्वतपासणी न करता 'छोटासा काप घेऊन पाहू' असे कोणी म्हटल्यास लाळग्रंथीच्या बाबतीत सावध राहावे. तेथे मज्जातंतूला इजा होण्याचा आणि गाठीचे कण विखुरण्याचा धोका असतो.

अहवाल वाचतानाही विवेक हवा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिलान' पद्धतीनुसार सुईतपासणीच्या निष्कर्षांचे सहा मुख्य वर्ग केले जातात. त्यांत 'नमुना अपुरा' आणि 'अनिश्चित' असेही वर्ग आहेत. नमुना अपुरा म्हणजे रोग नाही असे नव्हे, आणि अनिश्चित म्हणजे कर्करोग असेही नव्हे. कापडाचा पोत हाताला कळतो, परंतु सुताचा खरा अंक आणि मिश्रण तपासणीतच ठरते. घातल्या हाताने 'शुद्ध सूत' म्हणून घेतलेला ठाण पुढे काय निघतो, हे व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. मग शरीराच्या बाबतीत शेजाऱ्याच्या अंदाजावर निर्णय का घ्यावा?

सुदैवाने या दोन जिल्ह्यांना आता दूर जाण्याची गरज उरलेली नाही. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, साताऱ्यात व सांगलीत शासकीय रुग्णालये आहेत. सुईतपासणीसाठी मुंबई गाठावी लागण्याचा काळ मागे पडला आहे.

अडचण उरते ती मनाची. घरात उपवर मुलगी असेल तर आईच्या गळ्याची गाठ पदराआड जाते. 'सोयरीक ठरेपर्यंत थांबू' असे म्हटले जाते. दुकानाचा हंगाम असेल तर वडील दिवाळीपर्यंत थांबतात. ज्याला खडा आहे तो सहा महिने कर्करोगाच्या धास्तीत विनाकारण झुरतो. ज्याला खरोखर कर्करोग आहे तो हेच सहा महिने उपचाराविना गमावतो. लपवण्याने दोघांचाही तोटाच होतो. न्यासांनी भरवलेल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब व साखरेबरोबर तोंड आणि गळा यांची तपासणी ठेवली, स्त्रियांसाठी ती स्वतंत्रपणे व संकोच न वाटेल अशी ठेवली, तर पुष्कळ घरांतील झुरणे थांबेल.

एकाच बाजूने पाहून वस्तूचा अंतिम निर्णय देऊ नये, ही अनेकांतदृष्टीची शिकवण समाजाला नवी नाही. गाठीच्या बाबतीत तीच उपयोगी पडते. बोटांनी एक बाजू सांगितली, सोनोग्राफीने दुसरी, सुईने तिसरी. त्या सर्व एकत्र आल्यावरच तिला नाव द्यावे. तोपर्यंत भयाने निर्णय घेऊ नये आणि आळसाने तो टाळूही नये. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी प्रत्येक कुटुंबाने मनाशी एवढी खूणगाठ बांधावी, की घरातील कोणाच्याही गळ्याशी गाठ लागली, तर ती त्याच आठवड्यात घरात सांगितली जाईल आणि त्याच महिन्यात तपासली जाईल.

सर्वांना निरामय आयुष्य लाभो. जय जिनेंद्र.